बर्फातील फावडे : शीख पायोनियर आणि आपल्या शौर्यगाथा

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. बी. ए. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी भीमा कोरेगावच्या लढाईवर बोलला. आवाज खणखणीत, तयारी चांगली; टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. दुसऱ्या दिवशी तो मला भेटायला आला आणि म्हणाला, "सर, १९०४ साली इंग्रजांनी तिबेटवर स्वारी केली, तिच्यातले शीख शिपाई मजहबी होते असं वाचलं. म्हणजे ते आपलेच झाले ना? पुढच्या भाषणात त्यांना घेऊ का?"

मला चटकन 'घे' म्हणवेना. 'नको' म्हणण्याचेही कारण नव्हते. त्याला थोडा थांब म्हणालो आणि त्या स्वारीवरची इंग्रजी पुस्तके मिळवून वाचायला बसलो. वाचताना लक्षात आले की त्याच्या प्रश्नातला 'आपले' हा शब्दच आधी तपासून पाहिला पाहिजे. आपण एखाद्याला आपले म्हणतो ते कशासाठी? त्याच्या कष्टासाठी, त्याच्या अपमानासाठी, की त्याच्या छातीवरच्या पदकासाठी? दलित साहित्याने आणि दलित चळवळीने सैनिकाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न त्यामागे उभा आहे. या लेखात मी तो मांडणार आहे. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

मराठवाड्यातल्या माणसाला शीख परका नाही. गुरु गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ साली नांदेडला झाले आणि हुजूर साहिबला जाणारे जथे आपण रेल्वेत नेहमी पाहतो. परंतु शीख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते : उंचापुरा, दाढीवाला, पिढीजात लढवय्या. या चित्राला जात नसते. शीख धर्माने जात नाकारली हे खरे आहे. पंजाबच्या गावाने ती नाकारली नाही, हेही तितकेच खरे आहे. झाडलोट आणि मैला वाहणे ज्यांच्या माथी मारले होते त्या चुहडा जातीतून जे शीख झाले त्यांना 'मजहबी' हे वेगळे नाव पडले. चांभारांतून आणि विणकरांतून जे आले ते 'रामदासिया' झाले. धर्म एक झाला, पण वस्ती वेगळीच राहिली.

१६७५ साली दिल्लीत गुरु तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. ते शिर जिवावर उदार होऊन आनंदपूरला पोचवणारा भाई जैता याच जातीचा. गुरु गोविंदसिंगांनी त्याला हृदयाशी धरले आणि त्याच्या जातीला आपली लेकरे म्हटले, असे शीख परंपरा सांगते. गुरूची मिठी मिळाली तरी गावाची विहीर काही मिळाली नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी धर्मांतरासाठी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. म्हणून मजहबी शिखाची कथा आपल्याला दूरच्या प्रांतातली म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

२

या मजहबी शिखांना इंग्रजांनी ज्या पलटणींत घेतले त्या पायोनियर पलटणी. पायोनियर म्हणजे फौजेच्या पुढे राहून रस्ता करणारा, पूल बांधणारा, खंदक खणणारा आणि वेळ आली की त्याच हातांनी बंदूक चालवणारा शिपाई. खांद्यावर बंदूक आणि सोबत टिकाव किंवा फावडे, असा त्याचा सरंजाम असे. रणजितसिंगांच्या फौजेतही मजहबींकडे हेच काम होते. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यासाठी माणसे कमी पडली तेव्हा माधोपूरला बारी दोआब कालव्याच्या खोदकामावर असलेले मजहबी मजूर इंग्रजांनी उचलले आणि त्यांची पलटण केली. तीच पुढे ३२ वी पायोनियर झाली. २३ वी त्याच सुमाराची, ३४ वी १८८७ सालची. जाट शिखांच्या पलटणींत मजहबीला जागा नव्हती. म्हणजे छावणीतही वेशीबाहेरचा वाडा होताच. फक्त त्याला पलटणीचा क्रमांक मिळाला होता.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. माती उपसणे, दगड फोडणे, ओझे वाहणे ही कामे जातिव्यवस्थेने ज्यांच्यावर लादली होती त्यांच्याकडून इंग्रजांनी तीच कामे करून घेतली. परंतु त्या कामाला पगार दिला, गणवेश दिला, पेन्शन दिले. हा फरक लहान नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. आपल्या घरांत पहिले अक्षर कित्येकदा छावणीच्या वाटेने आले. साम्राज्यवादाला शिव्या देताना हे विसरणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. मात्र त्या पगाराच्या मोबदल्यात आपल्याकडून काय काय घेतले गेले, हे न विचारणे म्हणजे आंधळेपणा होईल.

माझ्या घरात लष्करात कोणी नव्हते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. अंबाजोगाईला, त्या काळच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. पण घोडदळाच्या खोगिरापर्यंत आमच्या लोकांचा हात पोचणारा नव्हता. आमच्या घराला टिकाव-फावडे मिळाले ते दुष्काळात. १९७२ साली आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. पुढे वडील ऊसतोडीला जात राहिले आणि मी घरातला पहिला पदवीधर झालो. आजी म्हणायची, "रस्ता आमी केला बाबा, पण त्येच्यावरनं यष्टीत बसून जायला आमाला लई वर्सं लागली." तिचे हे वाक्य डोक्यात असल्यामुळे लढाईची पुस्तके वाचताना माझे लक्ष आधी तलवारीकडे जात नाही. रस्ता कोणी केला, तिकडे जाते.

३

आता पुस्तकांकडे वळू. पहिली मोहीम चित्रालची, १८९५ सालची. चित्रालच्या किल्ल्यात इंग्रज अधिकारी वेढले गेले होते. त्यांच्या सुटकेसाठी कर्नल केली मार्चच्या अखेरीस गिलगिटहून निघाला. त्याच्याजवळ ३२ व्या पायोनियरचे ४०० शिपाई, काश्मीर संस्थानच्या दोन पहाडी तोफा आणि थोडी स्थानिक माणसे होती. वाटेत शांदूर खिंड, उंची सुमारे १२ हजार फूट, एप्रिलचा प्रारंभ आणि कमरेपर्यंत बर्फ. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. ते ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी शांदूरची उंची भरत नाही. खेचरे बर्फात रुतली आणि मागे फिरवावी लागली. मजहबी शिपायांची तुकडी आधी खिंड ओलांडून गेली. मागून काश्मिरी शिपायांनी आणि गोलंदाजांनी तोफा सुट्या करून, ओढत आणि खांद्यावर वाहून पलीकडे नेल्या. कित्येकांचे डोळे बर्फाच्या झळाळीने गेले, बोटे गारठून बधिर झाली. २० एप्रिलला ही फौज चित्रालला पोचली.

या मोहिमेचे वर्णन बेनन या अधिकाऱ्याने १८९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'केलीबरोबर चित्रालला' असा आहे. नावातच सारे आले. केलीबरोबर कोण कोण गेले? पुस्तक वाचले तर केलीचे भोजनातले सोबती आपल्याला चेहऱ्यामोहऱ्यासह भेटतात. कोणाचा विनोद, कोणाचे जोडे, कोणाची चहाची तहान हे सारे कळते. शिपाई मात्र घोळक्याने येतात. ते कणखर आहेत, हसतमुख आहेत, कुरकुर करत नाहीत. ही स्तुतीच आहे. पण चांगल्या बैलाची स्तुतीही आपण अशीच करतो.

हा लेखकाच्या स्वभावाचा दोष नाही. बेनन दुष्ट मनुष्य नव्हता. त्याला शिपायांविषयी माया होती. दोष त्या लेखनप्रकाराच्या दृष्टीत आहे. त्या दृष्टीला शिपायाचे शरीर दिसते. त्याचे मन हा लिहिण्याचा विषय आहे असे तिला वाटतच नाही. आपल्या मराठी ग्रामीण कथेतला गावगाडा आठवा. त्यातला महारही असाच इमानदार, राबणारा आणि मुका असे. दलित साहित्याने पहिला नकार दिला तो या मुकेपणाला. इंग्रजी मोहिमांच्या पुस्तकांना तोच निकष लावायला काय हरकत आहे?

४

दुसरी मोहीम तिबेटची, १९०३-०४ सालची. रशियाचा पाय ल्हासात पडेल या भीतीने व्हाइसरॉय कर्झनने यंगहजबंडला पाठवले. फौजेचा प्रमुख मॅकडोनल्ड. लढणारे सुमारे ३ हजार आणि हमाल-तांडेवाले सुमारे ७ हजार. फौजेचा कणा दोन पलटणींचा : २३ वी आणि ३२ वी शीख पायोनियर. यांतल्या ३२ व्या पलटणीचे पूर्वीचे नाव पंजाब पायोनियर. १९०३ च्या फेररचनेत तिच्या नावात 'शीख' हा शब्द आला. प्रांताचे नाव जाऊन धर्माचे आले, आणि जातीचे नाव दोन्ही वेळा झाकलेलेच राहिले.

या पलटणींनी आधी काय केले? सिक्कीममध्ये तिस्तेच्या खोऱ्यातून वर जाणारे रस्ते केले. पावसाळ्यात दरड कोसळावी, पुन्हा रस्ता करावा, पुन्हा दरड कोसळावी, असे ते काम. मग हिवाळ्यात जेलेप खिंड ओलांडून, १४ हजार फुटांवरून, फौज वर चढली. जानेवारी ते मार्च १९०४ यंगहजबंडने तुना या गावी मुक्काम ठोकला. उंची जवळजवळ १५ हजार फूट. बंदुकीतले तेल गोठे, म्हणून बंदुकीचे भाग अंथरुणात घेऊन झोपावे लागे. न्यूमोनियाने शिपाई दगावले. पहारा मजहबी शिपायांचा होता.

मे महिन्यात कारो खिंडीत लढाई झाली. तिबेट्यांनी भिंत घालून वाट अडवली होती, म्हणून गुरखे आणि शीख पायोनियर दोन्ही बाजूंच्या कड्यांवर चढून गेले. उंची १८ हजार फुटांच्या आसपास. इतक्या उंचीवर त्याआधी क्वचितच लढाई झाली असेल. जिथे दहा पावले टाकली की उभे राहून श्वास घ्यावा लागतो तिथे ही माणसे बंदुकीसह कडा चढत होती. हे शौर्य खरे आहे. ते नाकारण्याचे मला काही कारण नाही, आणि ज्या व्यवस्थेने या माणसांना नामर्द ठरवले तिच्या तोंडावर ते फेकण्याचा आपल्याला हक्क आहे.

परंतु त्या शौर्याची किंमत कशी ठरली तेही पाहा. ६ जुलै १९०४ रोजी ग्यांत्सेचा किल्ला सर झाला. भिंतीच्या भगदाडातून पहिल्यांदा दोघे आत गेले : लेफ्टनंट ग्रँट आणि त्याच्याबरोबर गुरखा हवालदार करबीर पुन. ग्रँटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, करबीरला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. कारण १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस देण्याची तरतूदच नव्हती. दोघे एकाच कड्यावरून चढले, एकाच गोळीबारात सापडले; पदके मात्र दोन पंगतींची. पंगतीतला हा भेद आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

५

या शिपायांच्या शौर्याचा इंग्रज काय अर्थ लावत होते? त्यासाठी मॅकमन या लष्करी लेखकाकडे जावे लागेल. हिंदुस्थानातील 'लढाऊ जमातीं'वरचे त्याचे पुस्तक १९३३ साली निघाले. शौर्य रक्तात असते, काही जमाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या जन्मतः दुबळ्या, असा हा सिद्धांत. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्सने तो भरतीच्या धोरणात आणला आणि त्याच लाटेत १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली.

आता या सिद्धांताला एक साधा प्रश्न विचारा. पंजाबातला अस्पृश्य शूर आणि महाराष्ट्रातला अस्पृश्य भेकड, हे कसे? त्यांचे उत्तर असे की मजहबीला शीख धर्माच्या दीक्षेने सिंह केले. ठीक आहे. पण दीक्षेने माणूस बदलत असेल तर शौर्य रक्तात नाही. आणि शौर्य रक्तात असेल तर सोननाक तननाकचे काय करायचे?

हा सोननाक १९ व्या मुंबई पायदळ पलटणीचा शिपाई. 'नाक' हा नावाचा शेवट म्हणजे महार असल्याची खूण. १६ एप्रिल १८८० रोजी, दुसऱ्या अफगाण युद्धात, चमनहून कंदाहारकडे जाणाऱ्या डोंगराळ वाटेवरचे दुब्राई हे ठाणे मेजर वॉडबीने धरून ठेवले. हल्ला होणार हे आधी कळले होते, तरी ठाणे सोडले नाही. वॉडबीबरोबर इलाहीबक्ष आणि सोननाक तननाक हे दोन शिपाई लढले. समोर ३०० शत्रू. तीन तास झुंज चालली, काडतुसे संपली, तेव्हा ते शत्रूच्या गर्दीत घुसले आणि मारले गेले. तिघांची नावे स्मृतिलेखात एकत्र कोरली गेली. परंतु मुंबईच्या फोर्ट भागात जो रस्ता ओळखला जाऊ लागला तो वॉडबी रोड म्हणून. पुढे तेही नाव बदलले. इलाहीबक्ष आणि सोननाक यांच्या नावाचा रस्ता त्याआधीही नव्हता, नंतरही झाला नाही. आजीचे वाक्य मला इथे पुन्हा आठवते.

दुब्राईनंतर बारा-तेरा वर्षांतच सोननाकच्या जातीला लष्कराचे दार बंद झाले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. उत्तर मिळाले ते महायुद्धाने : १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच १९२१ साली मोडली गेली. मजहबींचेही वेगळे झाले नाही. ज्या १९३३ साली मॅकमनचे लढाऊ जमातींवरचे पुस्तक बाजारात आले, त्याच १९३३ साली शीख पायोनियर पलटणी काटकसरीच्या नावाखाली मोडण्यात आल्या. मॅकमनने पुढे या मोडलेल्या पलटणींचा इतिहासही लिहिला. माणसे घरी गेली आणि त्यांचे गौरवगान छापले गेले. मग दुसरे महायुद्ध पेटले. १९४१ साली मजहबी आणि रामदासिया शीख रेजिमेंट उभी राहिली. १९४४ साली तिला शीख लाइट इन्फन्ट्री हे नाव मिळाले. त्याच १९४१ साली, १ ऑक्टोबरला, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्यांनी त्यासाठी आग्रह धरला होता.

ही दोन वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवा. पंजाबातला अस्पृश्य आणि महाराष्ट्रातला अस्पृश्य यांच्या रक्तात एकाच वर्षी शौर्य कसे उत्पन्न झाले? लढाऊ जमातीचा सिद्धांत म्हणजे गरजेचे शास्त्र होते. गरज लागली की जात शूर, गरज संपली की जात अस्पृश्य. आमच्या ऊसतोड मजुराला मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो तेव्हा तोही म्हणतो, "तुझ्यासारखा गडी नाही." पट्टा पडला की तोच मुकादम त्याला ओळखत नाही.

६

इथपर्यंत वाचून कार्यकर्ते मित्र म्हणतील : मग झाले तर, मजहबी आपलेच, त्यांचीही शौर्यगाथा लिहू. थांबा. ज्याच्यासाठी मी विद्यार्थ्याला 'थांब' म्हणालो ती गोष्ट अजून सांगायची आहे.

३१ मार्च १९०४. तुनाच्या पुढे गुरू नावाचे गाव. तिथे एका दगडी भिंतीआड सुमारे दीड हजार तिबेटी वाट अडवून बसले होते. त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका आणि तलवारी. गळ्यात लामांनी मंतरलेले ताईत. शीख आणि गुरखे शिपायांनी त्यांना दोन्ही बाजूंनी घेरले. मॅकडोनल्डने त्यांची हत्यारे काढून घ्यायचा हुकूम दिला. शीख शिपाई तिबेट्यांच्या हातातल्या बंदुका ओढू लागले, झटापट झाली, ल्हासाच्या सेनापतीने पिस्तूल झाडले आणि एका शीख शिपायाचा जबडा फुटला. मग भिंतीवरून बंदुका आणि बाजूने मॅक्झिम तोफा सुरू झाल्या. काही मिनिटांत सहाशे ते सातशे तिबेटी मेले. इंग्रजांच्या बाजूचा एकही माणूस मेला नाही. दहा-बारा जखमी झाले.

'डेली मेल'चा बातमीदार कँडलर तिथे होता. तलवारीचे वार होऊन त्याला एक हात गमवावा लागला. तरी त्याच्या १९०५ च्या पुस्तकात एक गोष्ट आली आहे : तिबेटी पळाले नाहीत, मान खाली घालून, जड पावलांनी चालत गेले आणि चालता चालता पडत राहिले. मॅक्झिम तोफेवरच्या हॅडो या तरुण अधिकाऱ्याने घरी पत्र लिहून कळवले की कत्तलीचा वीट येऊन आपण तोफ थांबवली. इंग्रज बातमीदाराला काय वाटले ते आपल्याला कळते, इंग्रज अधिकाऱ्याला काय वाटले तेही कळते. ज्या मजहबी शिपायाने समोरच्या माणसाच्या हातातली बंदूक ओढली आणि मग त्याच्यावर गोळी झाडली, त्याला रात्री झोप लागली की नाही हे मात्र या पुस्तकांतून कळत नाही. ज्याचा जबडा फुटला तोही 'एक शीख' एवढाच उरतो.

आपण शौर्यगाथा लिहायला बसलो तर या दिवसाचे काय करणार? गाळणार? की यालाही पराक्रम म्हणणार? जे मेले ते बहुतेक शेतकरी आणि गुराखी होते, सरदारांच्या आणि मठांच्या वेठीला जुंपलेले. ते बुद्धाला मानणारे होते. आपण १९५६ साली बुद्धाला शरण गेलो. १९०४ सालचे ते ताईत आपल्याला कितीही अंधश्रद्धेचे वाटले तरी ते गळ्यात घातलेली माणसे आपल्याला परकी नाहीत. म्हणजे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना 'आपलेच' उभे होते. भिंत कोणाची आणि हुकूम कोणाचा, हा प्रश्न जी शौर्यगाथा विचारत नाही ती शेवटी हुकूम देणाऱ्याचीच गाथा होते.

फौज ३ ऑगस्टला ल्हासात पोचली. ७ सप्टेंबरला पोताल्याच्या प्रासादात तह झाला. तिबेटवर ७५ लाख रुपये दंड बसला, पुढे तो २५ लाखांवर आणला गेला. या सात आठवड्यांत पत्रकारांनी, डॉक्टरांनी ल्हासा पाहून घेतले. 'टाइम्स'चा बातमीदार लँडन याच्या पुस्तकात शहराच्या कडेला असलेल्या एका वस्तीचे वर्णन आहे. तिथे राग्याबा राहत. प्रेतांची विल्हेवाट लावणे हे त्यांचे काम. शहरात त्यांना घर बांधायची मुभा नव्हती. त्यांच्या झोपड्या जनावरांच्या शिंगांनी रचलेल्या होत्या. लँडन किळस आल्यासारखा लिहितो आणि पुढे जातो.

मी मात्र त्या पानावर अडकलो. ज्यांचे बापजादे पंजाबच्या गावाबाहेर राहून मेलेली ढोरे ओढत आणि घाण उपसत, ते शेकडो शिपाई त्या सात आठवड्यांत ल्हासात होते. बारा हजार फुटांवर, जगाच्या छपरावर, त्यांना गावकुसाबाहेरची वस्ती भेटली. त्यांनी ती पाहिली नसेल असे म्हणता येत नाही. ओळखीचे काही मनात हलले असेल का? की आता आपण गणवेशातले आहोत, म्हणून त्यांनी नाक मुरडले असेल? दोन्ही शक्य आहे. आपल्यातही दोन्ही प्रकारची माणसे आहेत. परंतु त्यांना कोणी विचारले नाही, आणि पानेच्या पाने लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही विचारावेसे वाटले नाही. या साऱ्या साहित्यातली सर्वांत मोठी रिकामी जागा मला ती वाटते. दलित लेखकाने भरायची जागा तीच आहे, पदकांची यादी नव्हे.

७

आपल्या आजच्या शौर्यलेखनाविषयी माझी तक्रार एवढीच आहे की त्यातले बरेचसे बेनन आणि मॅकमन यांच्याच शाईने लिहिलेले असते. 'आम्हीही लढाऊ जमात' असे म्हणताना 'लढाऊ जमात' ही कल्पना आपण मान्य करून बसतो. वलंगकर आणि कांबळे यांच्या अर्जांत ही भाषा आली, कारण त्या काळी सरकारला तीच भाषा समजत होती. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग थोडाच होता. त्यांचा अर्ज म्हणजे बंद दारावरची पहिली थाप होती. आपल्याला ती सबब नाही.

कारण १९२७ सालात दोन गोष्टी घडल्या. १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि त्यांनी आपल्या लोकांना पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण दिली. मार्चमध्ये ते महाडला गेले आणि चवदार तळ्याचे पाणी प्याले. महाडला त्यांनी लष्करी सेवेचा दाखला दाखवून पाणी मागितले नाही. ज्याचा बाप पलटणीत नव्हता, जो आयुष्यभर वेठ करत राहिला, ज्याने कधी कोणावर हात उगारला नाही, त्याचाही तळ्यावर तितकाच हक्क होता. कोरेगावने मान ताठ केली आणि महाडने हक्क सांगितला. पहिल्याशिवाय दुसरे कठीण होते. परंतु पहिल्यावरच थांबलो तर आपण कायम बक्षिसाच्या रांगेत उभे राहू.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी परवा बोलावून सांगितले : "घे. त्यांना जरूर घे. पण शांदूरच्या बर्फात त्यांच्या हाती फावडे होते हे सांग. १९३३ ला त्यांना घरी पाठवले हे सांग. गुरूच्या भिंतीपाशी कोण मेले तेही सांग. आणि ल्हासाच्या बाहेरच्या त्या शिंगांच्या झोपड्या विसरू नकोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मग टाळ्या कमी पडतील."

"पडू दे," मी म्हणालो. "टाळ्या त्यांनाही पुष्कळ मिळाल्या होत्या."